गंजावरचा टाका

येडाई देवीची आण घिऊन सांगते, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय. ज्याला पटत न्हाय त्यानं येरमाळ्याला जाऊन कंच्याबी म्हाताऱ्याला इचारावं. म्हातारे मेले आसतील तर त्येंच्या पोरान्ला इचारावं.

मालनबाईचा नवरा लिंबाजी सोसायटीच्या ट्रॅक्टरवर डायवर होता. एकदा उसाची ट्रॉली घिऊन उताराला लागला, आन् ट्रॉलीचा मागचा पाटाच, म्हंजी चाकावरची स्प्रिंगच, निसटला. पाटा ज्या लोखंडी कानात आडकवत्यात, तो कान तुटला. ट्रॉली कलंडली, लिंबाजीचा पाय मोडला तो कायमचाच. कान जोडला होता मल्लिनाथ वेल्डरनं. पर चेअरमन बलभीमरावांनी इचारलं तवा मल्लिनाथ म्हनला, माझा जोड पक्का होता, डायवरनंच पिऊन गाडी येडीवाकडी हाणली. लिंबाजीला चहा जास्त झाला तरी गरगरायचं, त्यो काय पितोय! पर चेअरमननं तुटका कान बघितलासुदिक न्हाय. नोकरी गेली, वरून दारुड्या म्हनून नाव झालं. तवापासनं लिंबाजी भिताडाकडं तोंड करून पडून राहायचा. कुणी हाक मारली तरी वळायचा न्हाय.

मालनबाईनं मातर तो कान निरखून बघितला होता. कडंला चकचकीत, आत काळाकुट्ट. गंज खरवडायचा कट्टाळा, म्हनून गंजावरच टाका मारलेला, वरून रंग फासलेला. पर डायवरच्या बायकूचं कोण ऐकतंय? ती दातावर दात धरून बसली. रोजची पयली भाकर तेवढी मल्लिनाथचं थोबाड समजून थापायची. त्या घरच्या भाकरी लई पातळ व्हायच्या.

मग त्यो दुष्काळ आला. बहात्तरचा न्हवं, त्येच्या मागनं धा-बारा वर्सांनी आला त्यो. तळं आसं आटलं की मासे रांग धरून माकणीच्या नदीच्या वाटंला लागले. आशात तेरखेड्याचा एक फटाकेवाला आपली जीप घिऊन आला आन् चेअरमनच्या जीपला म्हातारी म्हनला. झालं! कोरड्या तळ्यात शर्यत ठरली. तळ्याच्या भिंतीपासनं पल्याडच्या बाभळीपोतर, सरळ नाकाम्होरं.

आता म्हातारीच्या मागच्या पाट्याचा कान आदीच चिरला होता. जीप मल्लिनाथकडं आली. पान्याचा टँकर त्येच्याच शेडम्होरं लागायचा. मालनबाई घागर घिऊन नंबराला हुबी होती. तिनं बघितलं, मल्लिनाथनं गंज खरवडायची कानस हातातसुदिक धरली न्हाय. दोन टाके मारले, रंग फासला, बिडी पेटवली. रंग वाळायच्या आत मालनबाईचा इचार पक्का झाला.

ती थेट चेअरमनच्या आईकडं, कस्तुराबाईकडं गेली. म्हनली, आत्याबाई, नवी बैलगाडी झाली की सुताराला फेटा बांधून पयलं गाडीत बसवायची आपली रीत हाय. जीप बी गाडीच की. मल्लिनाथभाऊचा मान चुकला आन् आपशकून झाला तर? कस्तुराबाईला पटलं. आईला पटलं म्हंजी चेअरमनला पटलंच, त्येला घरात दुसरा इलाज नव्हता.

शर्यतीदिशी तळ्यात जत्रंवानी गर्दी. हलगी कडाडाय लागली. चेअरमन सोता स्टेरिंगला बसले. मल्लिनाथच्या डोस्क्याला फेटा बांधला आन् मागं बसा म्हनले, तसा त्येचा रंगच उडाला. म्हनला, पोटात कळ आलीय. मालनबाईनं पदराची ओव्याची पुडी काढून दिली. म्हनला, बायकू घरी एकलीच हाय. मालनबाईनं बोट दावलं, बायकू फुडंच हुबी होती, नव्या लुगड्यात. शेवटी गडी जीपच्या मागल्या बाजूला चढला, नेमका त्या कानाच्या वर.

मालनबाई चाकापाशी आली. हळूच म्हनली, "मल्लिनाथभाऊ, एक सांगा. गंज काढून टाका मारलाय न्हवं?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग सगळ्या गावाकडं बघितलं.

"काढून मारलाय," म्हनला.

"मग घट्ट धरून बसा," म्हनली, आन् बाजूला झाली.

तेरखेडकराच्या माणसानं इशाऱ्याचा सुतळी बाँब लावला. धाडकन आवाज झाला आन् चेअरमननं पाय दाबला. म्हातारी उसळली, तेवढ्यात मागं कटकन वाजलं. कान तुटला, पाटा निसटला, चाकाची आस कातरली, आन् मागलं चाक सुटून एकलंच म्होरं पळालं. जीप खाली बसली. मल्लिनाथ फेट्यासकट भिंगरीवानी उडून म्हशीच्या डबऱ्यात पडला. पान्याचा थेंब नव्हता तळ्यात, पर तेवढा चिखूल देवानं त्येच्यासाठी राखला होता. चाक मातर थांबंना. तेरखेड्याच्या जीपला मागं टाकून बाभळीला सगळ्यांच्या आदी जाऊन धडाकलं.

चेअरमनचा म्होरला दात पडला होता. रगात पुशीत आले आन् इचारलं, कसं झालं रं हे? मल्लिनाथच्या तोंडाला सवयीचंच आलं.

"जोड पक्का होता सायेब. चालवणाऱ्यानंच येडीवाकडी हाणली."

हलगी थांबली. चालवणारा त्येच्या म्होरंच हुबा होता.

मग मातर चेअरमन सोता जीपखाली शिरले. तुटका कान हातात घिऊन भाईर आले. कडंला चकचकीत, आत काळाकुट्ट.

मालनबाई म्हनली, "ट्रॉलीचा बी आसाच होता. तवा तुमाला वाकायला टाईम नव्हता, चेअरमन."

बलभीमरावांनी तुटका कान खाली ठिवला. लिंबाजीला परत कामावर घितो, आफिसात बसवतो, म्हनले. मालनबाई म्हनली, ते मागनं बघू. आदी हलगी वाजवत माझ्या दारात चला, दोघंबी.

चिखलानं भरलेला मल्लिनाथ लंगडत म्होरं, दात पडलेला चेअरमन त्येच्या मागं, आन् सगळं गाव. दारात मल्लिनाथनं मोठ्यानं सांगितलं, टाका गंजावर मारला होता, लिंबाजी प्यालेला नव्हता. बारीक आवाजात म्हनला, तर मालनबाईनं परत म्हनायला लावलं. चेअरमनलाबी म्हनायला लावलं.

आत बाजेवर लिंबाजीनं कूस बदलली. तोंड दाराकडं केलं.

मल्लिनाथनं पानी मागितलं. मालनबाईनं घागर उचलली, हलगीवाल्यांना वाटी वाटी पाजली, शेजारच्या कुत्र्याला पाजलं, आन् घागर घरात नेली.

"तुझ्यासाठी ह्या दारात पानी न्हाय," म्हनली, आन् दार लावून घेतलं.

आता येडाईची आण घितलीय म्हनून सांगते. ते चाक पयलं आलं नव्हतं. तेरखेड्याची जीप पयली आली. चाक दुसरं आलं.