सहा टॉरमॉड मॅकिव्हर

मोरॅगने पाकीट माझ्यापुढे ठेवलं. "कॅलमकाका, आजीच्या खणात सापडलं. वर नाव मामाचं, पण पत्र काही मामाला लिहिलेलं नाही. कुणाचं ते तुम्हीच बघा."

मी पहिली ओळ वाचली. 'शिंप्याच्या पोरा,' अशी सुरुवात होती.

स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या आमच्या गावात तेव्हा सहा टॉरमॉड मॅकिव्हर होते. एकमेकांचे कुणी लागत नव्हते, नाव तेवढं एक. गावाने त्यांची सोय लावली होती: बोटीवाला, शिंप्याचा, लाल, बहिरा वगैरे. मीही कॅलम टपालच. टपाल खात्याचे साहेब घरांना नंबर द्यायला आले, तेव्हा भर सभेत मीच उठून म्हणालो होतो, "नंबर कैद्यांना असतात. मला माझी माणसं ठाऊक आहेत." टाळ्या पडल्या. नंबर बारगळले.

पुढच्याच शरदात हे पत्र आलं. पाकिटावर कॅनडाचं तिकीट. बोटीवाल्याची बहीण कॅनडात होती, म्हणून मी डोळे झाकून त्याच्या आईच्या, म्हणजे मोरॅगच्या आजीच्या, हातात दिलं. तो समुद्रावर होता. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तिने ते त्याच्यासाठी जपून ठेवलं. त्या हिवाळ्यात बोट परत आली नाही. लेकाचं पत्र तिने कुणाला फोडू दिलं नाही.

आणि शिंप्याच्या टॉरमॉडचं जिच्यावर मन होतं ती एफी त्याच वर्षी कॅनडाला गेलेली, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मलाही. विचारायला माझं काय जात होतं? पण 'कुठला टॉरमॉड?' असं टपालवाल्याने विचारायचं म्हणजे नाक कापून घेणं.

दुपारी त्याच्याकडे गेलो. सदतीस वर्षांनी तो एकटाच, चुलीशी बसलेला. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्याने चष्मा पुसला आणि सावकाश वाचलं.

"नव्या वर्षापर्यंत उत्तर आलं तर परत येईन म्हणते," तो म्हणाला.

एफीने पुढे तिकडेच संसार केला. गेल्या वर्षी ती वारली. बातमी आमच्या पेपरात होती, त्यानेही वाचली असणार.

"मी फाटकाशी उभा राहायचो. अख्खा हिवाळा. तू सायकलवरूनच मान हलवायचास."

आठवत होतं. मी वर त्याची थट्टाही करायचो.

"माझं चुकलं, टॉरमॉड. माफी मागायलाही तोंड नाही मला."

त्याने पाकीट उलटून तिकिटावरचा शिक्का पाहिला. मग म्हणाला, "तेव्हा कॅनडाला पत्र पोचायला किती दिवस लागायचे रे?"

"आठ."

"आठच?"

मी मान डोलावली. त्याने पत्र गुडघ्यावर पसरलं आणि अंगठ्याने त्याच्या घड्या एकेक करून सपाट करत राहिला.