एका डंबेलचं कुरियर

मी डंबेल बोलतोय. जोडीतला डावा. नाही सांगितलं तरी तुम्ही मला ओळखालच. माझ्या कडेचा टवका उडालाय आणि माझ्या कपाळावर लाल ठिपका नाही. ठिपका त्याच्या कपाळावर आहे. उजव्याच्या.

जन्मतः आम्ही डावे-उजवे नव्हतो. एकाच भट्टीतलं लोखंड, शेजारशेजारच्या वाळूच्या साच्यांत ओतलेलं. दोघांच्याही अंगावर ‘५ किलो’ असं ठसठशीत उमटलेलं. दुकानात एकाच दोरीने बांधून पडलो होतो, तेव्हा माझं त्याच्याशी काहीच वाकडं नव्हतं.

वाकडं आलं ते दादाच्या घरी. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन खोल्यांत तो, वहिनी आणि त्याचा धाकटा भाऊ. पहिल्याच सकाळी दादाने आम्हा दोघांना तोलून पाहिलं आणि म्हणाला, “हा हाताला बरा बसतोय.” वहिनीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका त्याच्यावर टेकवला आणि तो कायमचा उजवा झाला. मी उरलो. उरलेल्याला डावा म्हणतात.

दादा मोजायला सुरुवात त्याच्यापासून करायचा. कुणी पाहुणा आला की “बघ उचलून” म्हणत पुढे करायचा, तोही तोच. पुसायचं झालं तरी आधी तो. फडकं माझ्यापर्यंत पोचायचं तेव्हा मळून गेलेलं असायचं.

धाकट्याला उजव्याला हात लावायची परवानगी नव्हती. “आधी डाव्यावर हात बसव,” दादा म्हणायचा. “उजवा तुला झेपायचा नाही.”

“दोन्ही पाच-पाच किलोचेच आहेत की!”

“मग भांडतोस कशाला? घे डावा.”

धाकटा मला उचलायचा, पण डोळे त्या ठिपक्यावर. एकदा रागाने त्याने मला असं आदळलं की कडेचा टवकाच उडाला. म्हणजे ज्याच्या वाट्याला मी आलो होतो, त्यालाही मी नकोच होतो.

मग दादा आजारी पडला. तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात चालत गेला आणि घरी परत आली ती त्याची चप्पल आणि मोबाइलचा चार्जर. कुणीतरी आम्हाला पायाने पलंगाखाली सारलं. धूळ दोघांवर सारखीच बसली. खरं सांगतो, तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं.

एका सकाळी केर काढताना वहिनीचा अंगठा उजव्यावर आपटला. ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. अंगठ्याचं रडणं एवढा वेळ चालत नाही. धाकटा दारात उभा होता. तो गाड्या धुण्याच्या सेंटरवर कामाला. शाळा कधीच सुटलेली, आणि डोकं तापलं की विचार मागाहून यायचा.

“आजच घालवतो ही ब्याद,” तो ओरडला आणि आमचा फोटो काढून ऑनलाइन लिलावात टाकला. फोटोत उजवा पुढे, ठिपक्यासकट. मी मागे, अर्धाच. खाली त्याने लिहिलं, ‘डंबेल जोडी’. कुरियरचा खर्च टाकायचा होता म्हणून उजव्याच्या अंगावरचा आकडा वाचला आणि कुरियरवाल्याला फोनवर पाच किलोचा दर विचारला. मला त्याने मोजलंच नाही.

बोली जिंकली एका ‘पोलादी काका’ने. साइटवर त्यांचं नाव तेच होतं. लिलावाचे आणि कुरियरचे पैसे लगेच जमा झाले. धाकटा आम्हाला कापडी पिशवीत घालून कुरियरच्या काउंटरवर गेला. काउंटरवरच्या बाईंनी पिशवी काट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “दुप्पट लागतील.”

“दुप्पट कसे? पाच किलो आहे.”

“अरे, दोन आहेत ना?”

धाकट्याने तिथूनच काकांना फोन लावला. पलीकडचा आवाज वयस्कर होता आणि खणखणीत. “हे बघा, तुम्ही जोडी लिहिलीत, भाडं तुम्हीच ठरवलंत, मी ते भरलं. आता वर एक पैसा मिळायचा नाही.”

“काका, लोखंड आहे ते, कापूस नाही.”

“लोखंड आहे म्हणूनच घेतलं ना! कापसाने दंड होतात का?”

“भाडं एकाचंच आलंय.”

“फोटोत दोन दिसताहेत!”

“दुसरा नीट दिसतच नाही!” धाकटा म्हणाला. मी पिशवीत होतो. ऐकलं सगळं.

त्याने फोन कापला. “एकाचं भाडं दिलंस ना? घे मग एक!” म्हणत पिशवीत हात घातला आणि वर जो लागला तो बाईंच्या पुढ्यात ठेवला. वर उजवा होता. वर नेहमी तोच असतो. बाईंनी त्याला खोक्यात घातलं, चिकटपट्टी मारली आणि मागच्या ढिगावर टाकलं. मी घरी परत आलो.

सांगू? इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

वहिनीने पिशवीत डोकावून पाहिलं. “एकच आणलास? तो कुठंय?”

“गेला,” धाकटा म्हणाला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो मला उचलायला लागला. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. उजवा हात कसा असतो ते मला तेव्हा कळलं. पुसायचा तोही स्वच्छ फडक्याने. त्याचे डोळे मात्र माझ्याशेजारच्या मोकळ्या फरशीवर असायचे. गेला तरी जागा अडवून बसलाच होता तो!

काकांनी साइटवर तक्रार टाकली आणि फोनही केला. “एका हाताने व्यायाम करून मी काय तिरका होऊ? दुसरा पाठव.”

“आधी भाडं.”

अशी बरीच वादावादी झाली. शेवटी काकाच थकले. “जाऊ दे बाबा. दुसऱ्याचंही भाडं मी देतो. पण पाठव.”

धाकटा जिंकला होता. पण त्याचा चेहरा पडला. मलाही जायचं नव्हतं. मी गेलो तर पुन्हा त्या ठिपक्याच्या शेजारी, पुन्हा दुसरा.

“खोक्याचे वेगळे पडतील,” धाकटा म्हणाला.

“देतो.”

“चिकटपट्टी...”

“तीही देतो.”

“काउंटर लांब आहे. रिक्षा लागते.”

“अरे, मग डंबेलला खिडकीजवळ बसवून आण! देतो रिक्षाचे. अजून काही?”

“कळवतो,” म्हणून धाकट्याने फोन ठेवला. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

“भाडं कसलं मागतोस भाऊजी? द्यायचं नाही म्हण ना सरळ.”

तो बसला होता तिथेच वाकला आणि मला पोटाशी धरून रडला. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. “वहिनी, मी त्याचा उजवा विकला गं,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्या पोटाशी होतो, आणि तो रडत होता उजव्यासाठी.

मग त्याने लिहायच्या भानगडीत न पडता काकांना आवाजातच निरोप धाडला. “काका, ते माझ्या भावाचं होतं. भाऊ गेला. मी रागात लिलावात टाकलं. भाड्याचं सगळं खोटं बोललो, द्यायचंच नव्हतं. तुमचे सगळे पैसे परत करतो. तो लाल ठिपक्याचा तेवढा मला द्या.”

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. मग फोन वाजला.

“आधीच सांगायचं होतंस, गाढवा,” काका म्हणाले. आवाज उतरला होता. “पाठवतो. पण एक सांगून ठेवतो, कुरियरचा खर्च तुझा.”

ज्याने चिकटपट्टीच्या पैशावरून एवढं रान उठवलं होतं, तो धाकटा म्हणाला, “किती?”

काकांनी आकडा सांगितला. त्याने ‘जास्त होतात’ म्हटलं नाही, पाच किलोचा दर विचारला नाही. काकांचे आधीचे सगळे आणि हे, तिथल्या तिथे पाठवून टाकले. उजव्याचे जायचे दिले, यायचेही दिले. माझं भाडं आजवर कुणी भरलंय?

आता तो निघालाय म्हणे. मी भिंतीला टेकून पडलोय. शेजारची फरशी धाकट्याने सकाळीच ओल्या फडक्याने पुसून ठेवलीय, आणि सेंटरवर जाताना वहिनीला बजावून गेलाय, “कुरियरवाला आला तर खोकं उघडू नकोस. मी उघडणार.”

कुरियरवाल्या भावा, तुझ्या गाडीत पाच किलोचं एक खोकं आहे. ते हरवू नकोस, तेवढा वाईट मी नाही. हरवलंस तर हे पोर पुन्हा मोडेल. पण जरा रस्ता चुक. चहाला थांब. पत्ता दोन-चार जणांना विचार. धाकटा आता घरी येईल, हातपाय धुईल आणि मला उजव्या हातात घेईल. तेवढं होऊ दे. मग ये.