कवटीतला चौथा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना स्क्रू आहे. बोटाएवढा, टोकदार. दारा-खिडक्यांत बसणारा नव्हे. माझी जागा माणसाच्या कवटीत. मान मोडली की डोक्याभोवती एक कडं बसवतात. आम्ही चार स्क्रू ते धरून ठेवतो आणि दांड्यांनी ते छातीवरच्या जाकिटाला जोडतात. हाड जुळेपर्यंत मान तसूभरही हलायला नको, म्हणून हा सगळा खटाटोप. कवटीच्या वरच्या थरात रुतायचं आणि तिथेच थांबायचं, एवढंच माझं काम.

माझ्या वाट्याला आले एक गॅरेजवाले मिस्त्री. शिडीवरून पडले होते. पहिले पाच आठवडे मी इमानेइतबारे काम केलं. त्यांची बायको सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं आमच्या मुळाशी पुसायची. डॉक्टर तिला शाबासकी द्यायचे आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटायचं.

मग माझ्या मुळाशी पू धरला. मी हलायला लागलो. मिस्त्री घास चावत, तेव्हा त्यांच्या डोक्यात टिकटिक वाजे.

"लोक म्हणायचेच, याचा एक स्क्रू ढिला आहे," ते हसले.

बायको हसली नाही. "कपाळ लाल झालंय. आजच दवाखान्यात जाऊ या."

"अगं, स्क्रू आवळायला डॉक्टर कशाला? तीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

ती आंघोळीला गेली तेवढ्यात त्यांनी आरशासमोर उभं राहून मला स्वतःचा पाना लावला. मला ओरडावंसं वाटलं, पण मला कुठलं तोंड? सडलेलं हाड मऊ असतं, मित्रांनो. पाना फिरत राहिला आणि मी आत जात राहिलो. टिकटिक थांबली. मिस्त्री खूश होऊन पोटभर जेवले. मी कुठे पोचलोय, हे मला एकट्याला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. चौथ्या दिवशी ते बायकोला हाक मारायला गेले, तर तिचं नावच त्यांच्या ओठांवर येईना.

माझ्यामागून मेंदूपर्यंत गेलेला पू काढायला ऑपरेशन झालं, जीव वाचला. मान अगदी छान जुळली. उजव्या हाताची मूठ मात्र अजून वळत नाही. गॅरेज बंद आहे. मला फार वाईट वाटतं.

आता मी डॉक्टरांच्या टेबलावर बाटलीत असतो. नव्या पेशंटला ते मला दाखवतात आणि बजावतात, "हा हलला तर हात लावायचा नाही. त्याच दिवशी इकडे यायचं."

परवा डोक्याला कडं बसवलेला एकजण मला न्याहाळत पुटपुटला, "मी सुतार आहे. स्क्रूचं मला नका शिकवू."

मित्रांनो, तो तुमच्या घरातला असेल, तर आज सकाळी त्याचं कपाळ नीट बघितलंत का?