थांबलेल्या पाण्यातला कप्तान

जीवनने मोबाइलवर एक गोरं जोडपं पाहिलं. शिडाच्या छोट्या बोटीतून दोघं समुद्र ओलांडत होती. बाई पुस्तक वाचत होती अन् बुवा सुकाणूला टेकून हसत होता. बस्स, तेवढ्यावर जीवन दर्यावर्दी झाला. खरा समुद्र त्याने जन्मात एकदाच पाहिला होता, चैत्यभूमीला गेला तेव्हा. तोही लांबून, चपला भिजतील म्हणून.

सरिताला समुद्र नको होता. तिला वैनगंगेपल्याडची माय हवी होती. धरण झालं, मायचं गाव उठून मागे सरकलं, अन् उन्हाळ्यात वाळूतून चालत गाठायचं माहेर परदेश झालं. आता पवनीच्या पुलावरून वळसा, दोन बस, त्यातली दुसरी आली तर आली. पाणी अडवणाऱ्यांनी पल्याड कोणाची माय राहते हे कधी विचारलं नाही. त्यांना थोडंच बसने जायचं होतं! मायचे गुडघे गेलेले, नजर जात चाललेली. बोट जमली तर सरिता आठवड्याला तिला भेटणार होती. नाही जमली तर कोणाच्या तरी मयतीलाच जाणं व्हायचं.

म्हणून जीवनने जुना डोंगा मिळवला, धान झाकायच्या ताडपत्रीचं शीड शिवलं अन् बाजूला ऑइलपेंटने सासूचं नाव लिहिलं : 'धुरपता'.

"मायचं नाव डोंग्यावर कायले जी?"

"मान देऊन राहिलो वं."

"अन् बुडला तं? धुरपता बुडाली म्हणून गावभर बोंब होईल."

निघताना ती काठावरच्या वल्ह्यांकडे बोट दाखवत म्हणाली, "चप्पू तं घ्या."

"शिडाच्या बोटीत चप्पू? लोक हासतील."

लोक तसेही हसतच होते. काठावर उभे राहून, मन लावून.

जीवनचा हिशोब मात्र पक्का होता. आजा-पणजाची रीत : पल्याड जायचं तर डोंगा वरच्या अंगाला टाकायचा, धार आपोआप खाली उतरवते. त्याने सकाळीच काठाकाठाने डोंगा ओढत चांगला वर नेला होता. हाताला फोड आले, पण कप्तानाला फोड शोभतात.

मधोमध पोचले अन् वारा पडला. शीड वाळत घातलेल्या लुगड्यासारखं लोंबलं.

"डोंगा काहून थांबला जी?"

"वारा गेला. आता धार नेते. नदी आहे ना थे." अन् कप्तान टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला.

सरिताने संत्रं सोललं. सालं पाण्यात टाकत, फोडी खात बसली. संत्रं संपलं.

"अजी, उठा. सालं पाहा."

जीवनने पाहिलं. सगळी सालं डोंग्याला चिकटून, सोयऱ्यांसारखी, जागची हलत नव्हती.

त्याचं तोंड उतरलं. धरणाविरुद्धच्या मोर्च्यात हाच गडी माइक ओढून ओरडला होता, "आमची वैनगंगा मारली!" टाळ्याही घेतल्या होत्या. अन् आज त्याच मेलेल्या नदीच्या भरवशावर बायकोला घेऊन निघाला होता. सरकारला अक्कल नाही हे त्याला पाठ होतं. स्वतःची तपासायची राहून गेली होती.

"थे सालं आता मायकडे पोचवतील का आपल्याले?" सरिताने मायसाठी आणलेल्या दोन डब्यांतल्या एकाचं झाकण काढून पाण्यात घातलं. दुसरं त्याच्या हाती दिलं. "मारा."

दोघं झाकणांनी पाणी मारू लागले. डोंगा गोल फिरला.

"उलटं मारून राहिले जी!"

"तूच उलटं मारून राहिली वं!"

"माहेर माहं आहे. मले दिशा माहीत आहे. मी सांगतो तिकडे मारा."

मग कप्तानाने ती सांगेल तिकडे मारलं. भांडत, थांबत, पुन्हा भांडत ते गेले. सूर्य कलला तेव्हा डोंगा पल्याडच्या चिखलात रुतला.

काठावर म्हातारी काठी टेकून उभी होती. "पाण्यावरून भांडण आयकू आलं," ती म्हणाली, "तवाच म्हटलं, माही सरिताच आहे."

सरिता गुडघाभर चिखलातून धावली. म्हातारीने तिचं तोंड दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, कान, नाक, कपाळ, अन् विचारलं, "आता मंग कवा येशीन?"

सरिताने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पुढल्या मंगळवारी. दोन चप्पू घेऊन," ती म्हणाली. "कप्तान आले तं आले."