बाबांचे चार सेकंद

स्पर्धेचं नाव ‘वारसा’ आणि अट एकच: आईनं किंवा वडिलांनी ‘रेगे’ या जमैकन संगीतात नाव कमावलेलं असलं पाहिजे. तुम्ही स्वतः काय कमावलंय, हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

गुणपत्रिकेवर मात्र जागा भरपूर. ‘पालकांशी साम्य : दहापैकी’. त्याच्याच खाली ‘पालकांपेक्षा वेगळेपण : दहापैकी’. ही गुणपत्रिका बनवणाऱ्या माणसाला मुलं नसावीत. किंवा फार असावीत.

पहिल्या फेरीत पालकांचं गाणं म्हणायचं. त्यात पास झालात, तरच दुसऱ्या फेरीत स्वतःचं. माझं सगळं घोडं त्या दुसऱ्या फेरीपाशी अडलं होतं. बाबा जाऊन चार वर्षं झाली आणि तेव्हापासून मी त्यांचीच गाणी गातेय. कार्यक्रम संपला की लोक माझा हात हातात घेऊन म्हणतात, “आज ते असायला हवे होते.” मलाही तेच वाटतं हो, पण मीसुद्धा होते ना तिथे! माझं एक गाणं दोन वर्षं गिटारच्या पेटीत पडून होतं. ते एकदा चारचौघांत म्हणायचं, एवढ्यासाठी मी आले होते.

परीक्षक तीन. मधे रेडिओवाल्या बाई, पुढ्यात टेबलावरची घंटी. त्यांच्या डावीकडे समीक्षक. उजवीकडे ऑर्गनकाका, पुढ्यात ऑर्गन. काका बावीस वर्षं बाबांच्या बँडमध्ये होते, लहानपणी मला खांद्यावर घेऊन फिरायचे. आज ते परीक्षकही होते आणि स्पर्धकांना साथही तेच करत होते. साथीत चूक झाली तर गुण कोणाचे कापायचे, हे ठरलेलं होतं. आमचे.

माझ्याआधी एका ट्रंपेटवाल्याचा मुलगा होता. झकास वाजवलं त्यानं.

“तुमच्या वडिलांचा फक्त डावा गाल फुगायचा,” समीक्षक म्हणाले. “तुमचे दोन्ही फुगतात.”

“सर, त्यांना त्या बाजूला दाढा नव्हत्या.”

“मग?” समीक्षकांनी त्याच्या जबड्याकडे असं पाहिलं, जणू अजूनही फार उशीर झालेला नाही. चार गुण कापले.

मग माझं नाव पुकारलं. म्हणजे बाबांचं. माझं त्यांना आठवत नव्हतं.

बाबांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात, दुसऱ्या कडव्यात, ते अर्ध्या ओळीवर थांबतात. चार सेकंद. ऑर्गनही गप्प होतो. मागे नुसता ‘भुंऽऽ’ असा आवाज. मग ओळ पुढे जाते. रेगेत पहिला ठोका मुद्दाम रिकामा सोडतात, त्यामुळे रेगेवाल्यांना रिकामी जागा दिसली की तिथे अर्थ भरल्याशिवाय राहवत नाही. या चार सेकंदांवर समीक्षकांनी पुस्तक लिहिलंय. ‘भुंऽऽ’ म्हणजे त्यांच्या मते पूर्वजांचा हुंकार. ऑर्गनकाका त्यावर तीन महिन्यांचा वर्ग चालवतात. शेवटी प्रमाणपत्र.

खरी गोष्ट आईला माहीत आहे, कारण त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या मशीनवर तीच बसली होती. मी अकरा महिन्यांची. सांभाळायला कोणी नाही, म्हणून तिथेच सतरंजीवर. मी रांगत गेले आणि अ‍ॅम्पला लावलेल्या एका मोकळ्या केबलची पिन तोंडात घातली. अ‍ॅम्प भुंऽऽ करायला लागला. बाबांची ओळ तोंडातच राहिली. ऑर्गनकाका ऑर्गन सोडून धावले, बोटानं पिन काढली, शर्टाला पुसली, परत जागेवर. टेप तेवढीच उरली होती, म्हणून तेच ठेवलं. पूर्वजांचा हुंकार म्हणजे माझ्या हिरड्या.

मी गाणं न थांबता म्हटलं.

“चार सेकंद कुठे गेले?” समीक्षक.

“आज कोणाच्या तोंडात काही नव्हतं,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

“स्वतःच्या वडिलांची अशी टिंगल?”

“टिंगल कसली? काका होते ना तिथे. काका, सांगा यांना.”

काकांनी ऑर्गनची एक पट्टी बोटानं पुसली. मग म्हणाले, “फार वर्षं झाली, बाळा. आठवत नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाळा म्हणू नका. बाळ आठवत नाहीये ना तुम्हाला!”

शेवटच्या रांगेत आई उभी राहिली. “मशीनवर मी होते.”

“आपण बसा,” बाई म्हणाल्या. “इथे फक्त प्रसिद्ध पालकांचा विचार होतो.”

त्या मशीनवर तिनं बाबांच्या तीन रेकॉर्ड बनवल्या. बसली बिचारी.

“साम्य शून्य, वेगळेपण दोन,” बाईंनी वाचलं. “दुसरी फेरी नाही.”

मी गिटारमधून केबल उपटली. अ‍ॅम्प चालूच होता. काकांच्या डोळ्यांत बघत मी पिन तोंडात घातली.

भुंऽऽऽ.

अख्ख्या हॉलमध्ये. रेकॉर्डवर येतो, हुबेहूब तोच. आणि पासष्ट वर्षांचे, दोन्ही गुडघे निकामी झालेले ऑर्गनकाका टेबलाला वळसा घालून असे धावले, की त्यांची खुर्ची उलटली. माझा जबडा धरला, बोटानं पिन काढली, शर्टाला पुसली.

“तेव्हापण अशीच सोडत नव्हतीस, कार्टे,” ते धापा टाकत म्हणाले. माइक समोरच होता. सगळ्यांनी ऐकलं.

किती वेळ कोणीच बोललं नाही. मी मोजलं. चार सेकंदांहून जास्त.

“हे पुन्हा एकदा कराल?” समीक्षकांनी पेन काढत विचारलं. “दुसऱ्या आवृत्तीत घ्यावं लागेल.”

काका ऑर्गनपाशी परत गेले, चष्मा पुसला. “तुझं गाणं कोणत्या पट्टीत आहे? देतो साथ.”

“तुम्ही नको.”

त्यांनी पट्ट्यांवर ठेवलेले हात उचलून मांडीवर घेतले. मला वाईट वाटलं नाही. पुढे वाटेल कदाचित. तेव्हा बघू.

मी पिन परत गिटारला लावली आणि माझं गाणं सुरू केलं. बाईंनी घंटी वाजवली. मी गात राहिले. त्यांनी पुन्हा वाजवली, तीही चुकीच्या ठोक्यावर. तेवढ्यात आई शांतपणे चालत पुढे आली, घंटी उचलली, पर्समध्ये टाकली आणि पहिल्या रांगेत बसली.

दुसरं कडवं आलं, तसे समीक्षक डोळे मिटून मी थांबायची वाट पाहू लागले.

पाहत असतील अजून.