टाकीतले अश्रू

सकाळपासून काकूंच्या गॅरेजपुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. आत काकांची जुनी, देखणी मोटार उभी होती. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी ते टाकीत बसून रडताहेत, अशी पक्की बातमी होती.

मोटारीत अडकलेले आत्मे सोडवणाऱ्या इंजिनबाबांनी टाकीत नळी सोडून काचेची बाटली भरली आणि उंच धरली. वर पेट्रोल, तळाशी तांबूस पाण्याचा वेगळाच थर.

"रक्ताचे अश्रू!" बाबा गरजले. "पेट्रोलात मिसळत नाहीत. आत्मा कशातच मिसळत नसतो!"

लोकांनी हात जोडले. शेजारच्या आजोबांनी तर स्वतःच्या स्कूटरलाही नमस्कार करून टाकला. न जाणो, तिच्यातही कुणी असलं तर?

काकू दाराशी खुर्चीवर बसल्या होत्या. काका गेल्यापासून त्या दर रविवारी मोटारीला पाइप लावून अंघोळ घालत, कोरड्या फडक्यानं पुसत, वर दोन शब्द बोलतही. एवढं करून आपला माणूस आत रडत बसलाय?

"माई, तुम्ही त्यांना कोंडून ठेवलंय," बाबांनी आवाज लोण्यासारखा केला. "चावी द्या. मोटार आश्रमात आली की आत्मा मोकळा."

आश्रमात अशा बऱ्याच मोटारी आधीच मोकळ्या झाल्या होत्या. सगळ्या जुन्या, दुर्मिळ आणि शौकिनांच्या डोळ्यात भरणाऱ्या. खटारा गाडीत आत्मे राहत नसावेत.

कुणाच्या मनात शंका राहायला नको म्हणून शिष्यानं 'प्राणशक्ती' जोडली, म्हणजे नवी बॅटरी. बाबांनी बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर मंत्रजल ओतलं. मोटारीलाच असलेली चावी फिरवली. इंजिन धडधडलं आणि दोन आचके देऊन गप्प झालं.

"ऐकलंत? 'सोड मला' म्हणाले!"

काकूंना रडू फुटलं. चावी काढून घ्यायला त्या उठल्या. आता ती बाबांच्या हातात ठेवायची, मोटार जाईल तर जाऊ दे.

"काकू, जरा थांब." पुतणी गर्दीतून वाट काढत आली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. "बाबा, तुमच्या मंत्रजलाला पेट्रोलचा वास येतोय."

"श्रद्धावंताला सुगंध येतो, बाळ."

"बरं." ती आजोबांकडे वळली. "आजोबा, तुमच्या स्कूटरमधलं थोडं पेट्रोल देता?"

"घे की. पण माझ्या स्कूटरीत कुणी गेलेलं नाही हं!"

"म्हणूनच तर हवंय."

तिनं स्वच्छ बाटलीत पेट्रोल घेतलं, त्यात पाण्याचे दोन थेंब टाकून हलवलं. थेंब दिसेनासे झाले. मग चमचाभर पाणी घालून पुन्हा हलवलं. पेट्रोल गढूळ झालं, आणि बाटली खाली ठेवल्यावर तळाशी स्वच्छ थर जमला. ओतलं होतं चमचाभर. जमलं होतं कितीतरी जास्त.

"अरे देवा, माझी स्कूटर कुणासाठी रडतेय?" आजोबा किंचाळले.

"हल्ली पेट्रोलात इथेनॉल असतं, आजोबा. म्हणजे अल्कोहोल. ते पाणी ओढून घेतं. पाणी फार झालं की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. मोटारीची टाकी आतून गंजलीय, म्हणून तिथला थर तांबूस. आणि मंत्रजल म्हणजे ताजं पेट्रोल. तेवढं जळेपर्यंत इंजिन चालतं, मग टाकीतलं पाणी आलं की बंद."

"पण टाकीत पाणी आलं कुठून?" काकूंनी विचारलं.

पुतणी घुटमळली. "टाकीच्या झाकणाचं रबर तडकलंय गं. तू पाइपनं धुतेस ना..."

काकूंनी कपाळावर हात मारला. दोन वर्षं आपण मायेनं टाकीत पाणीच भरत होतो! त्यांना आधी लाज वाटली, मग एकदम इतकं हलकं वाटलं, की डोळे पुसता पुसता त्या हसायलाच लागल्या. काका रडत नव्हते. त्यांना काही दुखत नव्हतं.

"विज्ञान जिथं संपतं, तिथं आम्ही सुरू होतो!" बाबांनी हात वर केले.

"अहो, पण ते अजून संपलेलं नाही," आजोबा म्हणाले, आणि गर्दी हसली.

पुतणी हसली नाही. "गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तोच आपल्या हातानं करून बघा. जमला, तर तो चमत्कार नव्हे. आणि जो करून बघू देत नसेल, त्याला दारात उभं करू नका. दुःखात माणूस काहीही देऊन टाकतो. तेव्हाच डोकं शाबूत ठेवायचं असतं."

मग ती काकूंकडे वळली. "काकू, टाकी रिकामी करून साफ करू. नळ्या, झाकणाचं रबर बदलू. पुढं उभी ठेवायची तर पेट्रोल काढून ठेवायचं, नाहीतर ताजं भरून अधूनमधून फिरवायची."

"पण माई, आत्म्याचं काय?" बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

काकूंनी मोटारीची चावी काढली आणि मूठ घट्ट मिटली.

"त्यांच्यासाठी रडू मला येतं, बाबा. ते माझं मी बघेन," त्या म्हणाल्या. "गाडीत नुसतं पाणी झालंय. त्याला मिस्त्री पुरे."