शिवण थांबली तर पोर उठेल

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, आणि ज्याला शंका असेल त्याने खुशाल उसवून बघावी, असं शिंपीबुवा आधीच बजावून ठेवतात. आज ऐकायला बारक्या होता. बारक्या म्हणजे त्यांचाच मुलगा. आता त्याला मिशी आहे, आणि खांद्यावर एक तान्ही मुलगी, जी काही केल्या झोपत नाही. बाजूला बारक्याची आई बटणं निवडत बसली होती.

"तू हिच्या दसपट होतास," बुवा म्हणाले, आणि सुरू झाले.

तेव्हा बारक्याची आई बस चालवायची. पहाटेची पाळी, मग संध्याकाळची, मधल्या दुपारी काय ती झोप. त्या दिवशी ती घरी आली तीच भिंत धरत. पोर बुवांच्या हवाली केलं आणि म्हणाली, "आज हा उठला तर मीही उठणार, आणि मग संध्याकाळी स्टिअरिंगवर डोकं टेकणार. गाडीभर माणसं असतात. बघा काय ते." आणि आत जाऊन पडली.

पोर झोपायचं ते फक्त पायमशीनच्या आवाजावर. बरं, नुसते पाय मारूनही भागत नसे. सुईखाली कापड नसलं की आवाज पोकळ येतो. तो पोराला झोपेतही कळायचा आणि त्याचा एक डोळा उघडायचा. थोडक्यात, खरोखरच काहीतरी शिवत राहायला हवं.

बुवांनी हातातली पँट शिवली, शेजारणीचा झगा शिवला, चिंध्या शिवल्या. पोर गाढ. मग खिडकीचा पडदा ओढून चिंध्यांना जोडला, पडद्याला टेबलक्लॉथ. इतक्यात पोस्टमन आला, त्याची बाही उसवली होती. बुवांनी ओठांवर बोट ठेवून पोराकडे दाखवलं. पोस्टमनच्याही घरी जुळी होती. त्याने चपला काढल्या, मांजरासारखा आला आणि अंगातल्या शर्टासकट बाही सुईखाली सरकवली. पण थांबायची सोय कुठे होती? बाहीमागून पाठ गेली, आणि पोस्टमन टपालासकट टेबलक्लॉथला लागला. टपाल का येत नाही म्हणून न्हावी आला, तो अंगावरच्या ऍप्रनसकट गेला. त्याला शोधत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आलं, ते गळ्यातल्या टॉवेलसकट. कोणी हूं की चूं केलं नाही.

"दोरा नाही संपला?" बारक्याने विचारलं.

"संपला की. मग समोरच्या शाळेतल्या बाईंचा स्वेटर उसवत उसवत खिडकीतून येत राहिला. त्या शिकवतच होत्या. तास संपला तेव्हा अंगावर नुसती कॉलर."

"सुईत लोकर जाते?"

"पोर झोपलेलं असलं की जाते."

शिवण दाराबाहेर पडली, फुटपाथ धरून चौकाला वळली. लोक घरातल्या चादरी आणून गुपचूप हातात देऊ लागले. वारा भरला तशी ती लांबलचक शिवण फुगली आणि पोस्टमनचे पाय जमिनीवरून सुटले. त्याने वरच्या वर दोन गच्च्यांवर पत्रं टाकून घेतली. चौकातला पोलीस शिट्टी ओठाला लावून उभा, पण फुंकेना. गाड्या इंजिन बंद करून, ढकलत ढकलत चौक ओलांडत होत्या. मोटारीतला एक साहेब खाली उतरून विचारू लागला, काय भानगड आहे, तर भाजीवालीने त्याच्या तोंडात गाजर कोंबलं.

होता होता सगळ्या वस्तीतलं कापड संपलं. उरली एकच चादर, आत झोपलेल्या बायकोच्या अंगावरची. मशीनला खाली चाकं होती. पाय मारत मारत बुवा मशीनसकट तिच्या खोलीत शिरले. आता आली का पंचाईत? चादर ओढावी तर ती उठणार, न ओढावी तर पोर उठणार. बुवांनी दोन बोटांत चादरीचं टोक धरलं. ती बिचारी गाढ झोपलेली, तोंड जरासं उघडं, एक पाय झोपेतही ब्रेकवर दाबलेला...

"कोण झोपलेली?"

बारक्याच्या आईने बटणांवरची नजर काढली नव्हती.

"अहो, अंथरुणात तुम्ही होतात. पोराला थोपटता थोपटता त्याच्या आधी तुम्हीच पसरलात. मशीनवर मी होते. माझं काय, पाय दाबून ठेवायची सवयच. ती एकच पँट दुपारभर पुन्हा पुन्हा शिवली, शेवटी तिच्यात पाय घालायला जागा राहिली नाही."

"आणि संध्याकाळी बस?" बारक्याने विचारलं.

"तशीच नेली. डोळे ताणून." तिने उठून बारक्याच्या खांद्यावरून नात उचलली आणि बुवांच्या मांडीवर ठेवली. "तू आत जाऊन झोप रे. आणि तुम्ही, तेवढं सगळं शिवलंत ना? मग मारा पाय."